भोक बुजले, पण दिसते का?

कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर घेऊन त्यावर सॅफ्रानिनचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या भिंती उठून दिसतात. हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. शस्त्रवैद्य असाच प्रयोग माणसाच्या जिवंत डोळ्यात करतात. कांद्याच्या पापुद्र्याचे पुढे काय झाले, याची आपण चौकशी करीत नाही. डोळ्याच्या बाबतीत मात्र ती करावीच लागते.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. त्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाची लहानशी जागा आहे. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक नजरेची कामे तिच्यावर अवलंबून असतात. उतारवयात डोळ्यातील काचेसारखा पारदर्शक रस आकसतो आणि कधी कधी पीतबिंदूला ओढ बसून तेथे भोक पडते. मग रोग्याला आजूबाजूचे दिसते. पण ज्या अक्षरावर नजर रोखावी, नेमके तेच नाहीसे होते!

१९९१ साली अमेरिकेतील नील केली व रॉबर्ट वेंडेल यांनी डोळ्यातील हा रस काढून त्या जागी वायूचा बुडबुडा भरण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ५२ डोळ्यांपैकी ३० डोळ्यांतील भोके बुजली होती. पुढे असे आढळले, की दृष्टिपटलावरचा सर्वांत आतला पापुद्रा सोलून काढला तर भोक बुजण्याची शक्यता आणखी वाढते. पण हा पापुद्रा अवघा दोन-तीन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पंचविसावा हिस्सा. आणि तोही पूर्ण पारदर्शक! चिमटा जरा खोल गेला तर खालच्या दृष्टिपटलालाच इजा व्हायची.

यावर उपाय म्हणून रंग आला. २००० साली जपानमधील कादोनोसोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग वापरून पापुद्रा रंगविला. यकृताच्या तपासणीसाठी हा रंग कित्येक वर्षे रोग्यांच्या रक्तात टोचला जात होता. तेव्हा तो निर्धोक वाटणे साहजिक होते. भोकेही चांगली बुजू लागली.

परंतु काही वैद्य तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी रोग्यांची नजर तपासली. भोक बुजूनही काहींची नजर अपेक्षेइतकी सुधारली नव्हती. काहींच्या दृष्टिक्षेत्राचा एखादा भाग अंध झाला होता. प्रयोगशाळेतही दिसले, की रंग तीव्र असेल, फार वेळ राहिला किंवा त्यावर प्रखर प्रकाश पडला, तर दृष्टिपटलाखालच्या पेशींना अपाय होऊ शकतो. सौम्य द्रावण थोडाच वेळ वापरणाऱ्या इतरांना असा अपाय आढळला नाही. म्हणजे रंग तोच. फरक मात्रेचा आणि वेळेचा. जे रक्तात चालते ते डोळ्यातही चालेलच, हे मात्र गृहीत धरता येत नाही.

त्यानंतर ब्रिलियंट ब्ल्यू जी हा निळा रंग पुढे आला. तो मूळचा लोकर रंगविण्याच्या रंगांच्या कुळातला! जपानमधील एनाइदा व सहकाऱ्यांनी तो आधी उंदरांच्या आणि माकडांच्या डोळ्यांत तपासला आणि २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत या कामासाठी त्याला सरकारी मान्यता मिळाली ती २०१९ च्या डिसेंबरात. तेरा वर्षे हा काळ मोठा वाटेल. पण एकदा मेलेली दृष्टिपटलाची पेशी पुन्हा उगवत नाही, हे ध्यानात घेतले तर सावधगिरीला पर्याय नाही.

म्हणून रंग वापरूच नयेत काय? मला तसे वाटत नाही. आंधळेपणाने चिमटा चालविण्यापेक्षा पापुद्रा दिसणे केव्हाही बरे. माझे म्हणणे एवढेच, की अशा शस्त्रक्रियेचे यश भोकावरून मोजू नये, नजरेवरून मोजावे. भोक बुजले की नाही हे यंत्र सांगेल. पण रोगी शस्त्रक्रियागृहात आला होता तो पुन्हा वर्तमानपत्र वाचता यावे म्हणून. ते त्याला वाचता येते का, हे त्यालाच विचारले पाहिजे, आणि तेही काही महिन्यांनी पुन्हा एकदा.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे ‘प्रयोग यशस्वी’ असे कोठे वाचलेत, तर एक प्रश्न अवश्य विचारा: यशस्वी खरा, पण कोणत्या मापाने?