कच्चं कोणाला म्हणता?

गेल्या हिवाळ्यात आम्ही इजिप्तला गेलो होतो. पिरॅमिड सगळेच बघतात, माझा हट्ट होता सिवाचा. वाळवंटातलं हे मरुद्यान लीबियाच्या सरहद्दीपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. खजुराच्या आणि ऑलिव्हच्या बागा, खारट तळी आणि मधोमध टेकडीवर शाली हे जुनं गाव. तेराव्या शतकातलं, सगळं मातीचं!

पायथ्याशीच आमच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले, "अरेरे, बिचारे कच्च्या घरांत राहायचे!" तेव्हा मी गप्प बसले. म्हणून आता लिहिते.

अहो, कच्चं कशाला म्हणता? तळ्याकाठचे मिठाचे खडे चिखलात बसवून या भिंती रचतात. वाळल्या की दगडासारख्या होतात. याला तिथे 'करशिफ' म्हणतात. छताला खजुराचे ओंडके. असली चार-पाच मजली घरं लोकांनी शेकडो वर्षं वापरली. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा. आपल्या सिमेंटच्या इमारती पन्नास वर्षांत 'धोकादायक' ठरतात, त्या मात्र पक्क्या!

"पण पावसात विरघळलंच ना शेवटी?" हो, विरघळलं. १९२६ साली तीन दिवस पाऊस कोसळला, मीठ विरघळलं, भिंती खचल्या. हा दोष मी नाकारत नाही. पण जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, तिथल्यासाठी बांधलेली घरं ती. लोक खाली राहायला गेले, लिंपणारे हात गेले, आणि उरलंसुरलं ढासळत गेलं. मातीच्या घराला माणसांचा वावर लागतो.

आता गंमत बघा. गावकरी विटा-सिमेंटची घरं बांधतात, आणि करशिफच्या खोलीत राहायला परदेशी पाहुणे जास्तीचे पैसे मोजतात. शालीची डागडुजी होऊन ती २०२० मध्ये पुन्हा खुली झाली, तीसुद्धा करशिफ वापरूनच. गरिबाची असली की माती कच्ची, पाहुण्याची असली की चैन!

असो. त्या गृहस्थांना तरी काय बोलणार? मी स्वतः वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, 'मातीचे घर – कच्चे. सिमेंटचे घर – पक्के.' समोर बसलेल्या निम्म्या मुलांची घरं मातीची होती. त्यांनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. एकानेही विचारलं नाही, "बाई, मग आमचं घर?"

विचारायला हवं होतं.