कातडी सैल पडते ती फक्त चेहऱ्यावर नाही

आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली एक नवा शब्द फिरतोय, कोलॅजेन. विहारातल्या महिला मंडळाची बैठक संपली की कुणीतरी हळूच विचारतं, "सिस्टर, ती पावडर घ्यावी का? सुरकुत्या जातात म्हणे." डब्याची किंमत हजाराच्या पुढे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे कित्येक दिवस त्यात जातात, म्हणून स्पष्ट लिहिते.

कोलॅजेन म्हणजे गोधडीतला दोरा. आपल्या अंगातल्या प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा तेच असतं. कातडी, हिरड्या, सांधे बांधून ठेवणारे पट्टे, हाडाचा आतला सांगाडा, गर्भाशय जागेवर धरून ठेवणारे बंध, सगळीकडे हाच दोरा. वयाबरोबर तो विरतो. जरा कुणाला चुकली नाही, हे वंदनेला बसणाऱ्यांना मी काय सांगणार? पण वयाआधी विरतो, तेव्हा त्याला कारणं असतात.

पावडर पोटात गेली की डाळीसारखी, अंड्यासारखी पचते. तिचे तुकडे शरीर गरज असेल तिथे वापरतं. गालावरच जा, असं त्यांना कुणी सांगू शकत नाही. थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना विकणाऱ्यांचाच पैसा आहे. कोलॅजेनची क्रीम तर सोडूनच द्या, तो कण इतका मोठा की कातडीतून आत शिरतच नाही.

शरीर हा दोरा स्वतः कातत असतं. त्याला प्रथिनं लागतात आणि क जीवनसत्त्व लागतं. 50 किलो वजनाच्या बाईला रोज साधारण 42 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात 6 ग्रॅम. आता सर्वांत शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं ते आठवा: भाकरी, कालवणाचा रस्सा, फोडी मुलांना गेलेल्या. सुकट, बोंबील, अंडी, मटकी, शेंगदाणे, चणे; यातलं रोज काहीतरी तिच्या वाट्याला आलं पाहिजे. पेरू आणि आवळा क जीवनसत्त्वाने भरलेले. लिंबू वरण चुलीवरून उतरवल्यावर पिळा, उकळीत ते जीवनसत्त्व मरतं.

हा दोरा तोडणारी, बिघडवणारी कारणंही घरातच आहेत. तंबाखू ओढणाऱ्याची कातडी लवकर सुरकुतते. मिश्रीने हिरड्या दातांपासून सुटतात. सुपारीचं उलटंच, तिच्यामुळे तोंडात आत कोलॅजेन साचून कडक पट्टे होतात, मग तोंड दोन बोटंही उघडत नाही. ते कॅन्सरकडे जाऊ शकतं. साखर आटोक्यात नसेल तर हेच धागे ताठरतात. मधुमेहींचे खांदे जास्त आखडतात ते काही उगाच नाही. आणि गोरं करणारी ट्यूब! अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं. आठ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. 2018 साली सरकारने अशी 14 स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानदार देतो, कारण आपण मागतो. आपल्या रंगाची लाज आपल्याला कुणी शिकवली, हा वेगळा लेख होईल.

पण सुरकुत्यांपेक्षा मला काळजी आहे ती खालच्या बंधांची. अंग बाहेर येतं, खोकलं की लघवी सुटते, आणि बाई वर्षानुवर्षं कापड खोचून कामावर जाते. बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच उचललेले हंडे आणि विटा, जुना खोकला, बद्धकोष्ठ, या सगळ्यांनी ते बंध ताणलेले असतात. याला व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. (लघवी करत असताना मात्र हा व्यायाम करू नका.) जास्त त्रास असेल तर आत बसवायची रिंग मिळते. या गोष्टी किती जणींना सांगितल्या जातात? मी वॉर्डात असताना पाहिलंय, थेट "पिशवी काढून टाका" असंच ऐकवलं जातं.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा प्रश्न गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. त्यात आपल्या किती लेकीबाळी होत्या ते सांगायला नको. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं, मग बाई तिशीची का असेना. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन सुमारे 30 टक्के कमी होतं. हाडंही ठिसूळ होऊ लागतात. पस्तिशीची बाई पन्नाशीची दिसते, आणि कोयता तर चालवावाच लागतो.

तेव्हा पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी विचारा: आजार नेमका कोणता? औषध, व्यायाम, रिंग करून पाहिलं का? अंडाशयं ठेवणार की काढणार? उत्तर कागदावर मागा, आणि तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सोबत कुणी नसेल तर मंडळातल्या दोघीजणींना घेऊन जा.