अडीच वर्षांच्या पोराला तिकीट कशाला लागतं?

मंडळी, थोडं लांबलचक लिहिणार आहे आणि काहींना झोंबणारही आहे. चहा घेऊन बसा.

दर शुक्रवारी संध्याकाळी आपल्यापैकी कोणीतरी विचारतंच, "वीकेंडला लहान मुलाला घेऊन कुठे जावं?" आणि दर वेळी उत्तरं तीच. अमुक थीम पार्क, तमुक मत्स्यालय, कुठल्याशा कार्टूनचं गाव, नाहीतर शहराबाहेरचं सफारी पार्क. कोणी डिस्काउंट कोड टाकतं, कोणी वार्षिक पासचा हिशेब मांडतं. मूल किती वर्षांचं आहे हे मात्र कोणी विचारत नाही. दोन वर्षांचं काय आणि नऊ वर्षांचं काय, गाडीत कोंबायचं आणि एकाच दाराशी नेऊन उतरवायचं, असा आपला खाक्या.

मीही हेच केलंय, म्हणून हक्काने बोलते. मागच्या मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला आम्ही अशाच एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल ते समजा. दोन मोठ्यांची तिकिटं, पार्किंग, आत गेल्यावर थंडगार चिप्स आणि रबरासारखा पिझ्झा, सगळं मिळून शंभर पौंडांच्या वर गेलं. पहिल्या राइडला पन्नास मिनिटं रांग. पुढे पोचल्यावर तिथल्या मुलीने आमच्या चिरंजीवांना उंचीच्या पट्टीपाशी उभं केलं आणि हसून मान हलवली. दुसऱ्या ठिकाणी आवाजाला घाबरून तो असा काही रडला की लोक वळून बघायला लागले. मग बाबागाडीत दोन तास झोपला. ते दोन तास मी आणि नवरा एकाच बाकावर बसून आपापले फोन बघत होतो. उठल्यावर त्याला पार्किंगच्या कडेला पसरलेली बारीक खडी दिसली. चाळीस मिनिटं तो ती खडी एका कपातून दुसऱ्या कपात ओतत बसला. अख्ख्या दिवसात तो खूश होता तो तेवढाच वेळ.

फोटो मात्र छान आले. लगेच पुण्याच्या ग्रुपवर पाठवले. आत्याने बदाम पाठवले आणि लिहिलं, "मज्जा आहे बुवा तुमची!"

परतताना एम २५ वर गाडी अडकलेली असताना मला लख्ख कळलं की ही सहल पोरासाठी नव्हतीच. ती पुण्याच्या ग्रुपसाठी होती. आपण एवढ्या लांब आलो, आजी-आजोबांपासून नातू तोडला, तर निदान "सगळं दाखवतोय त्याला" याचा पुरावा तरी पाठवावा, म्हणून होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुमच्यातल्या किती जणांच्या पोटात आत्ता काहीतरी हललं ते मला माहीत आहे.

आता माझं खरं भांडण. ते पैशाचं नाही, ज्याचे पैसे त्याने उडवावेत. भांडण वेळेचं आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मूल नर्सरीत, म्हणजे इंग्रजीत. घरी आल्यावर जेवण, आंघोळ, झोप. त्या दोन तासांत आपण त्याच्याशी मराठीत काय बोलतो? चल, खा, बस, नको, पटकन, झोप. सगळे हुकूम. आईबाप जागे, मूल जागं आणि कोणालाच घाई नाही असे दिवस आठवड्यात दोनच. ते दोन्ही आपण रांगेत, गाडीत आणि लाउडस्पीकरखाली घालवणार असू, तर पोराने मराठी ऐकायची कधी? मग चार वर्षांचं झालं की ते रिसेप्शनमध्ये जातं आणि आपण सगळे मिळून गळा काढतो, "कळतं त्याला सगळं, पण उत्तर इंग्रजीतच देतो हो." मग रविवारची मराठी शाळा शोधायची आणि अ अननसाचा घोकायचं. अरे, ज्या वयात भाषा आपोआप अंगात मुरत होती, तेव्हा आपण उंचीच्या पट्टीपाशी उभे होतो!

त्या सहलीनंतरच्याच रविवारी नवरा तापाने पडला. घरात मूल आवरेना, म्हणून मी त्याला घेऊन हॅरोहून १८२ नंबरच्या बसमध्ये चढले. बाबागाडी मुद्दाम घरी ठेवली, कारण ती घेऊन वरच्या मजल्यावर जाता येत नाही. वर, सगळ्यात पुढची सीट. तुम्ही कधी अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे बसलायत का? समोर नुसती काच. झाडाची फांदी येऊन काचेवर आपटते तेव्हा तो किंचाळून खाली वाकतो आणि पुढच्या फांदीची वाट बघतो. "फांदी आली! वाक!" असं आम्ही वेम्ब्लीपर्यंत ओरडत होतो. वळण, चढ, उतार, खड्डा, कचऱ्याची गाडी, क्रेन, पिवळा जेसीबी. ब्रेंट क्रॉसला उतरलो, केळं खाल्लं, त्याच बसने परत आलो. पोराचं भाडं शून्य, कारण ११ वर्षांखालच्या मुलांना लंडनची बस फुकट आहे. ट्यूबमध्येही एका मोठ्या माणसाबरोबर अशी चार मुलं फुकट जातात.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "अगं, कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही," म्हटलं. पोरगं मात्र रात्री झोपेपर्यंत "फांदी आली" म्हणत होतं. फांदी हा शब्द त्याला मी शिकवला नाही, बसने शिकवला.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. जिथून वीस मिनिटांत निघून यायला जिवावर येणार नाही, अशाच ठिकाणी जायचं. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना डिसेंबर २००१ पासून प्रवेश फुकट आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण फुकटचा खरा फायदा आपल्याला कळलेला नाही. पैसे वाचतात हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग हा, की अर्ध्या तासात बाहेर पडलं तरी काही वाया जात नाही. आपण मात्र फुकट आहे म्हणून अख्खं नॅचरल हिस्ट्री म्युझियम एका दिवसात "करतो". डायनासोरच्या दालनात तो हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स दाखवून पोराला रडवतो आणि वर म्हणतो, "अरे, खोटा आहे तो, घाबरतोस काय!" काही गरज नाही. मोठ्या हॉलमध्ये छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांब सांगाडा आहे. त्याच्या खाली जमिनीवर आडवं पडा, शेपटीपासून डोक्यापर्यंत चालत जा, पावलं मोजा आणि बाहेर या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए २०२३ मध्ये नव्याने उघडलं ते तर मुलांसाठीच बांधलेलं आहे, तेही फुकट. रसेल स्क्वेअरजवळच्या कोरम्स फील्ड्समध्ये तर मूल बरोबर नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडतच नाहीत. तिथे पोरगं हेच तिकीट.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मडशूटबद्दल. आयल ऑफ डॉग्जवर, कॅनरी वॉर्फच्या उंच टॉवरांना चिकटून, ३२ एकरांचं माळरान आणि शेत आहे. शेळ्या, मेंढ्या, गाढवं, डुकरं, कोंबड्या. प्रवेश फुकट. आपल्यातले कितीतरी जण सोमवारी त्या टॉवरमध्ये कामाला जातात, आणि पायथ्याशी शेळी आहे हे त्यांच्या गावी नसतं. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्यांना आम्ही आधी लंडन "दाखवलं". नदीवरून दिसणारं, उंचावरून दिसणारं, तिकीट काढून दिसणारं. त्या प्रत्येक ठिकाणी "छान आहे हो" म्हणायच्या आणि बसायला जागा शोधायच्या. घरी आल्यावर नातू त्यांच्याशी बोलायचा नाही, कारण बोलायला विषयच नव्हता.

एका शनिवारी मी म्हटलं, "अहो आई, चला, आज शेळ्या बघायला जाऊ." त्या हसल्या. "शेळ्या बघायला लंडनला आले होय मी?" आल्या मात्र. डीएलआरला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे पुढच्या सीटवर नातूच ड्रायव्हर झाला. मडशूटला पोचल्यावर सासूबाईंनी जिभेने टकटक केलं आणि एक शेळी कान टवकारून थेट कुंपणापाशी आली. पोरगं आजीकडे बघतच राहिलं. इतके दिवस फक्त सोफ्यावर बसणारी ही बाई, हिला शेळीची भाषा येते! मग दीड तास मला कोणी विचारलंच नाही. रवंथ म्हणजे काय, बोकड कुठला, करडू कुठलं, लेंड्या का म्हणायचं आणि शेण का नाही, खुराड्यात कोंबडी कशी बसते. माझ्या नवऱ्यालाही यातले निम्मे शब्द चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आले, असं त्याचा चेहरा सांगत होता. सासूबाई ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. आता व्हिडिओ कॉलवर नातू पळून जात नाही. "आजी, लेंड्या!" एवढंच म्हणतो आणि दोघं खो खो हसतात. हे नातं मी कुठल्या पासवर विकत घेणार होते, सांगा.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत.

"इथे सारखा पाऊस असतो." मंडळी, आपण कोकणातल्या आणि घाटावरच्या पावसात शाळेत गेलेली माणसं आहोत. इथल्या भुरभुरीला घाबरून दार लावून घेतो? वॉटरप्रूफ डगला आणि गमबूट घाला आणि डबक्यात उभं करा त्याला. डबकं, चिखल, चिंब, निसरडं, पचपच. हे शब्द घरात हीटरसमोर बसून येत नाहीत. डिसेंबरची गोष्ट वेगळी, चार वाजता अंधार पडतो. तेव्हा सकाळी जा.

"कपडे खराब होतात, हात घाण होतात." होऊ देत. बागेत इंग्रज आईचं मूल चिखलात लोळतं आणि आपलं पांढरे बूट घालून कडेला उभं असतं, हे चित्र मी इतक्या वेळा बघितलंय की आता राग येतो.

"लायब्ररीतल्या कार्यक्रमांना आपण जावं का? आमच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ नाही असं लिहिलंय." हा प्रश्न मला खरंच एका आईने दबक्या आवाजात विचारला आणि वाईट वाटलं. तो नियम सरकारी भत्त्यांबद्दल आहे. लायब्ररी, बाग, संग्रहालय हे त्यात येत नाही. बिनधास्त जा. ऱ्हाइम टाइमला बसा, आणि बसमधून घरी येताना तीच गंमत मराठी गाण्यांनी करा.

"आम्हाला वेळ नाही, मंडळाचे कार्यक्रम असतात." मंडळाचं काम मोठं आहे, मान्य. पण तीन तास हॉलमध्ये "शूऽऽ, गप्प बस" ऐकत बसणं म्हणजे मराठी संस्कार नव्हेत. तिथे पोराला मराठीत एकच गोष्ट कळते, की मराठी सुरू झालं की गप्प बसायचं.

आणि बाबा लोकांना खास. गाडी चालवणं म्हणजे सहलीला येणं नव्हे. दोन्ही बाजूंचा ट्रॅफिक, पार्किंगची मारामारी, मग दमून बाकावर फोन. माझा नवराही हेच करायचा. गाडी सोडली तसा त्याला मुलगा सापडला. आता रविवारची बस त्यांची दोघांची, मी घरी पडून राहते. (हा फायदा मी आधी सांगायला हवा होता.)

ट्यूबने जाताना एक बघा. बऱ्याच जुन्या स्टेशनांवर नुसते जिने आहेत, तेव्हा बाबागाडी असेल तर जिने नसलेल्या स्टेशनांचा नकाशा आधी पाहून निघा.

मी लंडनचं लिहिलं कारण मला तेच माहीत आहे. न्यूयॉर्कवाल्यांना स्टेटन आयलंडची बोट फुकट आहे, त्यांनी पोराला कठड्यापाशी उचलून धरावं आणि लाटा मोजाव्यात. दुबईत उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणं शक्य नाही हे कळतं, पण तिथली मेट्रोही ड्रायव्हरशिवायच धावते, आणि थंडीत क्रीकवर अब्रा आहेच.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जरूर भांडा. पण भांडायच्या आधी एक रविवार तिकीट न काढता घालवून बघा. येत्या रविवारी आम्ही साडेदहापर्यंत मडशूटला पोचतोय. यायचं असेल तर पोराचा कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणा, आणि आजी-आजोबा इथे आलेले असतील तर त्यांना नक्की आणा.