आज्ञापालन कुणाचे?

'माणूस मोठा भाविक, कधी उलट शब्द बोलत नाही.' धर्मग्रामात एखाद्याचा गौरव करताना हे वाक्य आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यात काही खटकण्याजोगे आहे हे ध्यानातही येत नाही. श्रद्धा आणि मुकाटपणा यांची सोयरीक आपण केव्हा जुळवली? मला ती मान्य नाही आणि त्यासाठी मी एका शेतकऱ्याला साक्षीला बोलावतो.

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला. जन्म १९०७ चा. तरुणपणी बराच हूड. मात्र फ्रान्झिस्काशी लग्न झाल्यावर त्याची भक्ती वाढीस लागली. पुढे तो गावच्या चर्चमध्ये सेवक म्हणून वेदीची देखभालही करू लागला. १९३८ साली ऑस्ट्रियाच्या जर्मनीतील विलीनीकरणावर मतदान झाले, तेव्हा अख्ख्या गावात विरोधी मत त्याचे एकट्याचे. १९४३ च्या मार्चमध्ये तो लष्करी छावणीत हजर झाला आणि हिटलरच्या युद्धात शस्त्र उचलणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. रुग्णशुश्रूषेच्या कामाला त्याची तयारी होती. ती मानली गेली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

आता लक्षात घ्या, आज्ञा पाळ असे त्याला कोण सांगत होते? केवळ नाझी नव्हे. गणगोत सांगत होते, ओळखीचे धर्मगुरू सांगत होते. लिंझच्या बिशपांनाही तो भेटला. तुझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब तुला द्यावा लागणार नाही, अशा आशयाची समजूत त्यांनी घातली. अशा वेळी संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय हमखास पुढे केला जातो. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात, न्यायसभेने दटावले असता पेत्राने काय उत्तर दिले, ते मात्र कुणी वाचून दाखवीत नाही!

परंतु येगरश्टेटरचे नाव घेऊन ज्यांना आपला हेकटपणा मिरवायचा असेल, त्यांनाही तो उपयोगाचा नाही. धर्मगुरूंशी बिनसले की मिस्साच सोडणारे आपल्यात थोडे नाहीत. बिशपांच्या भेटीनंतर त्याने त्यांची निंदा केली नाही. आपण गुप्तहेर तर नाही, अशी त्यांना भीती वाटली असावी, इतकेच त्याला वाटले. चर्च त्याने सोडले नाही. नाही म्हटले ते एकाच ठिकाणी, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

स्वतः एकट्याने? इथे वाचक मला अडवतील, आणि अडवावेच. घरी तीन लहान मुली होत्या. त्यांचा काय अपराध? या प्रश्नाला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. फ्रान्झिस्कानेही आरंभी त्याला विनवले. मग मात्र, आपणही पाठीशी उभे राहिलो नाही तर त्याला कुणीच उरणार नाही, हे ओळखून ती त्याच्या बाजूने उभी राहिली. गावाचे बोल तिने सोसले, युद्धानंतर विधवा-निवृत्तिवेतनासाठीही तिला कित्येक वर्षे थांबावे लागले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये तिच्या पतीला धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती. मुलींसाठी बाप वाचायला हवा होता, असे म्हणणाऱ्यांना मी निर्दय म्हणणार नाही. पण त्यांनी निदान त्याला आज्ञाभंजक म्हणू नये. त्याची आज्ञा वेगळ्या ठिकाणाहून आली होती.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे या शेतकऱ्याचे उदाहरण लेखी निवेदनातून ठेवणारे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स आपल्याला परके नव्हेत. १९३७ ते १९५० ते मुंबईचे आर्चबिशप होते. भारतीय धर्मगुरू त्या आसनावर बसावा म्हणून त्यांनी ते आपण होऊन सोडले. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असे परिषदेने त्याच वर्षी आपल्या दस्तऐवजात नमूद केले. रॉबर्ट्स यांच्या त्या महाधर्मप्रांतात तेव्हा आपली वसईही होती. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत येगरश्टेटरचे नाव किती मुलांनी ऐकले आहे?