कासवाचं ऊन विकत घेताना



लेस्टरला आमच्या घरी हरमन जातीचं कासव आहे, हे बहुतेकींना ठाऊक आहे. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या तेव्हा त्यांनी ते आमच्याकडे दिलं. दुकानातून मी ते कधीच आणलं नसतं. मुका जीव विकत घेऊन पेटीत ठेवणं मला आजही पटत नाही. पण दारी आलेला हा जीव पन्नासेक वर्षं सहज जगतो. मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं लांछन म्हणून मुलं त्याला हात जोडतात. छान आहे, पण हात जोडल्यानं त्याची हाडं मजबूत होत नाहीत. त्याला ऊन लागतं.

म्हणून माझं मत थोडं कडक आहे. योग्य दिवा घ्यायची तयारी नसेल तर कासव ठेवूच नये.

उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कासवाच्या कातडीत ड3 जीवनसत्त्व तयार होतं आणि तेव्हाच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. ते नसेल तर कवच मऊ पडतं, पाय वाकतात, आणि बिचारं ओरडूनही सांगू शकत नाही. "खिडकीत ठेवते की रोज," असं कुणी म्हणतं. पण काचेतून ऊब येते, हे किरण जवळजवळ येतच नाहीत. शिवाय ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात दमच नसतो. आपल्यालासुद्धा डॉक्टर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात त्या याचसाठी.

मग पावडरच का देऊ नये? बाजारातलं बरंचसं ड3 मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, ते मला नको वाटतं. आणि पावडर जास्त झाली तर अपायही होतो. उजेडातून शरीर स्वतःला हवं तेवढंच बनवतं. आपल्या घरासाठी हाच मार्ग योग्य.

दुकानात सगळ्यात आधी तो छोटा पिळाचा बल्ब हातात देतात, कारण तो स्वस्त. त्याचे किरण जेमतेम वीतभर जागेत पडतात आणि अंतर वाढलं की झपाट्यानं कमी होतात. मी लांब टी5 ट्यूब घ्यायला सांगेन, 12 टक्क्यांची, वर चकचकीत परावर्तक असलेली. पेटीच्या निम्म्या लांबीवर तरी ती यावी, म्हणजे उरलेल्या भागात सावली राहते. सावली हवीच. अंतर साधारण 30 ते 40 सेंटिमीटर, पण आपल्या ट्यूबबरोबर आलेला तक्ता बघूनच टांगा. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. शेजारी उबेचा वेगळा दिवा लागतो, त्याच्याखाली 35 अंशांच्या आसपास. कासव गार राहिलं तर नुसत्या किरणांचा उपयोग नाही.

अशा उजेडाकडे किडे ओढले जातात, हा आपल्या घरातला खरा प्रश्न. मी टायमर सकाळी 7 ते संध्याकाळी 7 लावला आहे. दिवा चालू असताना अंधार पडलाच तर त्या खोलीची खिडकी बंद आणि पडदा ओढलेला. रात्री कासवाला पूर्ण अंधारच हवा असतो. ते अंधारात खातही नाही, आमच्या घरातलं सगळ्यात पक्कं चौविहार त्याचंच! खाणंही डँडेलियन आणि क्लोव्हरची पानं. पालक मात्र नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकतं. उन्हाळ्यात बागेत सोडलं की दिव्याची गरज फारशी उरत नाही.

सांगली-कोल्हापूरच्या मैत्रिणींना वेगळं सांगते. भाग्य येतं म्हणून कुणी घरी स्टार कासव ठेवलं असेल, तर तिथे दिव्याचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. वनविभागाला 1926 वर कळवा. गुपचूप शेतात सोडून येणं ही जीवदया नव्हे, अनोळखी जागी ते मरू शकतं.

आणि ट्यूब दिसायला पेटत राहते, पण आतले किरण वर्षभरात उतरतात. मी पट्टीवर तारीख लिहून ठेवते आणि भाद्रपदात, पर्व सुरू व्हायच्या आधी, घराची झाडलोट करताना नवी बसवते. इथलं ऊन त्याच सुमारास उतरायला लागतं.