सावलीचे वाटप

वॉशिंग्टन राज्य म्हणजे पाऊस, हिरवाई आणि सौम्य उन्हाळा, असा या भूमीचा लौकिक आहे. २०२१ च्या जून महिन्यात त्याला तडा गेला. २८ जून रोजी बॉथेलच्या शेजारच्या सिएटल शहरात १०८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या लाटेत राज्यात किमान शंभर माणसे दगावली. वृद्ध, एकाकी आणि वातानुकूलन नसलेल्या घरांत राहणारे लोक त्यांत मोठ्या संख्येने होते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि हृदय एकामागून एक हार मानू लागतात. वैद्यकशास्त्र हे जाणते. परंतु रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचे भवितव्य पुष्कळदा त्याच्या घराच्या छपराने ठरविलेले असते.

शास्त्रज्ञांनी आपले कर्तव्य बजावले आहे. १९८८ साली जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटपुढे साक्ष देऊन तापमानवाढ सुरू झाल्याचे सांगितले होते. २०२१ ची लाट ओसरताच काही दिवसांत आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या एका गटाने निष्कर्ष मांडला, की मानवनिर्मित तापमानवाढीविना अशी लाट जवळजवळ अशक्य होती.

शासनाची चाल मात्र दोलायमान आहे. पॅरिस करारातून अमेरिका २०२० साली बाहेर पडली, २०२१ साली परतली आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. राज्य पातळीवरचे चित्र थोडे आशादायक आहे. कार्बनवर आकार बसविण्याचे प्रस्ताव येथील मतदारांनी २०१६ व २०१८ साली फेटाळले. तथापि २०२१ साली विधिमंडळाने उत्सर्जनावर मर्यादा घालून परवाने लिलावाने विकण्याचा कायदा केला. तो २०२३ च्या प्रारंभापासून अमलात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला.

उद्योगांचे वर्तन दुहेरी आहे. २०१८ चा प्रस्ताव पाडण्यासाठी तेल कंपन्यांनी तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. तीत सर्वांत मोठा वाटा बीपी या कंपनीचा होता. त्याच बीपीने २०२१ च्या कायद्यास पाठिंबा दिला. मायक्रोसॉफ्टने २०२० साली, आपण २०३० पर्यंत उत्सर्जनापेक्षा अधिक कार्बन शोषून घेऊ, अशी प्रतिज्ञा केली. परंतु २०२३ अखेर तिचे उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेले होते. आपल्यातील कित्येक घरांची चूल याच उद्योगांवर पेटते. म्हणूनच हा हिशेब मागण्याचा अधिकार आणि जबाबदारी, दोन्ही आपली आहेत.

आमच्या मते खरी कसोटी एकच: सावली प्रथम कोणाला मिळते? येथील कायद्यानुसार लिलावाच्या निधीपैकी किमान ३५ टक्के रक्कम प्रदूषणाचा अधिक भार सोसणाऱ्या वस्त्यांच्या हितासाठी वापरावयाची आहे. २०२३ पासूनच्या नियमांनुसार ९० अंश फॅरनहाइट तापमानात उघड्यावर राबणाऱ्या मजुरास दर दोन तासांनी दहा मिनिटे सवेतन विश्रांती देणे बंधनकारक आहे. श्रमिकाच्या शरीराची मर्यादा मालकाच्या दयेवर न सोडता कायद्याने ठरवावी, हे तत्त्व आपणास नवे नाही. मजूर खात्याची धुरा सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले होते. मातृभूमीत या तत्त्वाची निकड आज अधिकच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या शासकीय समारंभानंतर १४ जण उष्माघाताने मृत्युमुखी पडले. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, गटाराच्या तोंडाशी राबणाऱ्यांचे मृत्यू तर अनेकदा नोंदीतही येत नाहीत.

बंधू-भगिनींनो, येथे ज्यांना मताधिकार आहे त्यांनी तो असा कायदा टिकविण्यासाठी वापरावा. उन्हाळ्यात शेजारच्या एकाकी वृद्धाचे दार रोज ठोठवावे. गावाकडे देणगी पाठविताना कमानी व पुतळ्यांबरोबरच वस्तीतील समाजमंदिरास पंखे, पाण्याची टाकी आणि झाडांची सावली यांचाही विचार करावा. ऊन सर्वांवर सारखेच पडते असे म्हणतात. परंतु सावलीचे वाटप माणसेच करतात, आणि ते न्याय्य करणे माणसांच्याच हाती आहे.