अज्ञान म्हणजे पावित्र्य नव्हे

प्राथमिक शाळांत मुलांस देहाची ओळख, आत्मसंरक्षणाचे ज्ञान व मुलामुलींनी परस्परांशी आदराने वागण्याची रीत शिकवावी, असे म्हणताच आमच्या पंढरपुरातील पुष्कळ सद्गृहस्थांच्या कपाळावर आठ्या चढतात. ‘हे क्षेत्र आहे, येथे असले धडे कशास?’ असे आम्हांस विचारण्यात येते. क्षेत्र आहे म्हणूनच ह्या गोष्टीचा विचार येथे अगोदर झाला पाहिजे, असे आमचे उत्तर आहे.

मौनाचे फळ ह्या गावाने पूर्वी पाहिले आहे. यात्रेच्या मिषाने येथे येऊन गुप्तपणे प्रसूत होणाऱ्या विधवा आणि त्यांनी टाकून दिलेली अर्भके ह्यांसाठीच १८७५ साली, येथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने अनाथगृह निघाले. ते पुढे प्रार्थनासमाजाने सांभाळले. ज्या स्त्रियांस कोणी काही शिकविले नव्हते आणि ज्यांचे गाऱ्हाणे कोणी ऐकणार नव्हते, त्यांच्याच माथी सारा दोष मारून समाज मोकळा झाला होता. पुढे १९२७ साली रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ह्या विषयावर उघड लिहिले, तेव्हा त्यांस कोर्टाची पायरी चढावी लागली. २००७ साली किशोरवयीनांच्या शिक्षणाचा सरकारी कार्यक्रमही महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी अडवून धरला. काळ बदलला, परंतु भीती तीच राहिली.

त्याच २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास भोगल्याचे सांगितले, आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे त्यांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. आषाढी-कार्तिकीस आपल्या घरोघरी परगावचे लोक उतरतात, तेव्हा आईबाप मुलांस ‘परक्यापासून जप’ म्हणून बजावतात. परंतु ओळखीच्या माणसापासून कसे जपावे, हे त्यांस कोण सांगतो? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, ते तर शाळेच्याच आवारातले होते.

कोणी म्हणेल, कोवळ्या वयात हे ज्ञान दिल्यास मन बिघडेल. आम्ही व्यापारी वाचकांस विचारतो, मुलास पेढीवर बसविताना आपण त्यास खोटे नाणे ओळखावयास शिकविता की नाही? त्या शिक्षणाने तो खोटी नाणी पाडू लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही! शिवाय प्रत्येक गोष्ट वयाप्रमाणेच सांगावयाची आहे. पहिली-दुसरीच्या मुलास अवयवांची खरी नावे, नको असलेल्या स्पर्शास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, आणि ‘कोणास सांगू नकोस’ असे बजावणाऱ्याचीच गोष्ट आईला सांगावी, इतके पुरे. पाचवीच्या मुलीस ऋतुप्राप्तीची माहिती ती वेळ येण्यापूर्वी मिळाली, तर अकस्मात रक्त पाहून ती भयभीत होणार नाही. आणि वर्गातील मुलांसही ती माहिती दिल्यास तिची थट्टा होणार नाही.

आदराचा धडा मुलांस विशेष हवा. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा आमच्या घराघरांत ठाऊक आहे. बादशहाच्या बोलावण्यास तिने नकार दिला व विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, असे परंपरा सांगते. तिच्या भक्तीचे आपण गुणगान करतो; परंतु गणिकेच्या मुलीच्या नकारासही राजाने मान द्यावयास हवा होता, हा बोध आपण आपल्या मुलांस कधी दिला आहे काय?

मात्र एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. मुलास धडा दिला म्हणजे थोरांची जबाबदारी सरली, असे कोणी समजू नये. बालकाने ‘नाही’ म्हटले नाही, म्हणून अपराध्याचा अपराध तिळभरही कमी होत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा अपराध ठाऊक झाल्यावर पोलिसांस न कळविणे हाच गुन्हा आहे. तेव्हा शाळेची वा कुळाची अब्रू राखण्यासाठी प्रकरण दडपणारा गृहस्थ अब्रूदार ठरत नाही, गुन्हेगार ठरतो.

ह्याच कायद्याखालील २०२० च्या नियमांनी मुलांसाठी वयानुरूप पाठ तयार करण्याचे कर्तव्य केंद्र व राज्य सरकारांवर घातले आहे. आता कागदावरील नियम वर्गात उतरला पाहिजे. नगरपरिषदेच्या, जिल्हा परिषदेच्या व खाजगी अशा सर्व शाळांनी प्रथम पालकांची सभा बोलवावी, पाठ त्यांस वाचून दाखवावेत, शिक्षक-शिक्षिकांस रीतसर तयार करावे आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात ठळक लिहावा. शाळांस देणग्या देणाऱ्या व्यापारी बंधूंनी पुढील देणगी देण्यापूर्वी चालकांस एवढेच विचारावे: आमच्या मुलाने तक्रार केली, तर ती ऐकून घेणारे माणूस तुमच्या शाळेत कोण आहे?